रोलर कोस्टरची सहल: आधी आखणी, मग थरार

परीक्षा संपल्या, की शहरी घरांमध्ये एका दिवसाच्या सहलीचे बेत शिजू लागतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत, खोपोलीजवळ २०१३ मध्ये सुरू झालेल्या इमॅजिकाचे नाव त्यात हमखास असते. मात्र चौघांच्या तिकिटांचा मोठा खर्च करूनही जेमतेम चार-पाच राइड पदरात पडल्या, अशी हळहळ सहलीनंतर अनेकदा ऐकू येते. थोडी पूर्वतयारी केल्यास ती टाळता येते.

थीम पार्कमधील दिवस खर्ची पडतो तो रांगेत. प्रत्यक्ष राइड दोन-तीन मिनिटांची. समजा, रोलर कोस्टरच्या एका गाडीत २४ जण बसतात आणि दर पाच मिनिटांनी गाडी सुटते. म्हणजे तासाला २८८ जण. तुमच्यापुढे ३०० जण असतील, तर तासाभराची प्रतीक्षा अटळ. दार उघडताच पोहोचणाऱ्यापुढे मात्र मोजकीच माणसे असतात. म्हणून सर्वांत मोठ्या रोलर कोस्टरपासून सकाळ सुरू करावी. दुपारच्या उन्हात छताखालचे खेळ आणि करमणुकीचे कार्यक्रम पाहावेत. संध्याकाळी गर्दी ओसरू लागली, की राहिलेल्या राइडकडे वळावे.

दुसरी तयारी घरच्या भिंतीपाशी करायची आहे. मुलांची उंची अनवाणी मोजावी आणि ती प्रत्येक राइडच्या अटीत बसते का, हे पार्कच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावे. या अटीवरून प्रवेशाच्या ठिकाणी नेहमी वाद होतात, पण तिच्यामागे ठोस कारण आहे. इमॅजिकातील 'नायट्रो' हा रोलर कोस्टर सुमारे ४० मीटर उंच आहे. साखळी गाडीला माथ्यावर नेऊन सोडते. पुढे इंजिन नाही, सारा प्रवास गुरुत्वाकर्षणावर. एवढ्या उंचीवरून उतरताना वेग ताशी १०० किलोमीटरच्या आसपास जातो. पायांखाली तळ नसलेल्या या गाडीत प्रवासी पाच वेळा उलटा होतो. त्या क्षणी त्याला जागेवर धरून ठेवतो तो खांद्यांवरून छातीवर येणारा दांडा. तो ठरावीक बांध्याच्या शरीरासाठी बनवलेला असतो. लहान शरीर त्यातून निसटू शकते. तेव्हा जाड तळाचे बूट घालून मुलाची उंची 'वाढवणे' म्हणजे त्याचा जीव धोक्यात घालणे होय. कोणत्या राइडमध्ये बसता येणार नाही, हे मुलाला घरीच समजावून सांगितले, तर दारात रडारड होत नाही.

हृदयविकार, उच्च रक्तदाब, मान किंवा पाठीचे दुखणे असणाऱ्यांनी, नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी आणि गर्भवती महिलांनी वेगवान राइड टाळाव्यात. भरपेट जेवणानंतर लगेच बसू नये. चश्मा, मोबाइल, किल्ल्या सोबत ठेवण्याऐवजी लॉकरमध्ये ठेवाव्यात. एवढ्या वेगात खिशातून उडालेली वस्तू दुसऱ्याला इजा करू शकते.

दिवसाची निवडही महत्त्वाची. शनिवार-रविवार आणि जोडून येणाऱ्या सुट्ट्यांना पार्कमध्ये गर्दी आणि बोरघाटात वाहतूक कोंडी असते. शक्य असल्यास मधल्या वारी जावे. त्या दिवसाचा तिकीटदर, वेळ आणि दुरुस्तीसाठी बंद असलेल्या राइड आदल्या दिवशी तपासून घ्याव्यात. पावसाळ्यात विजा चमकू लागल्या, की उघड्यावरच्या राइड थांबवाव्या लागतात, हेही गृहीत धरावे. बहुतेक पार्कमध्ये घरचा डबा आत नेऊ देत नाहीत. त्यामुळे जेवणाचा खर्च आधीच हिशेबात घ्यावा. स्वतःचे वाहन नसलेल्या मुंबईकरांना कर्जतमार्गे लोकलने खोपोली गाठून पुढे रिक्षाने जाता येते. परतीची गाडी मात्र आधी पाहून ठेवावी.

आणखी एक गोष्ट. उंचीच्या अटीत बसणारे मूलही ऐन वेळी घाबरू शकते. तिकिटाचे पैसे वसूल व्हावेत म्हणून त्याला बळेच बसवू नये. आई किंवा बाबांपैकी एकाने त्याच्यासोबत खाली थांबावे, दुसऱ्याने इतरांना घेऊन जावे आणि नंतर पाळी बदलावी. राइड पुढच्या वर्षीही असेल. मनात बसलेली भीती मात्र सहजासहजी जात नाही.