बिद्रीच्या घरातली डायलिसिसची खोली

सहरी संपत आली आहे. स्वयंपाकघरात चहाचे कप विसळले जात आहेत आणि मशिदीच्या भोंग्यावरून वेळ थोडी राहिल्याची सूचना होते आहे. त्याच घरातल्या शेजारच्या खोलीत साठीच्या घरातले एक गृहस्थ दार लावून बसले आहेत. पंखा बंद आहे, तोंडाला मास्क आहे आणि भिंतीवरच्या खिळ्याला स्वच्छ पाण्यासारख्या द्रवाची दोन लिटरची पिशवी टांगलेली आहे. दहाव्या वर्षापासून त्यांचा एकही रोजा चुकला नव्हता. यंदा त्यांचा रोजा नाही.

हे घर कल्पनेतले आहे, पण त्याच्यासमोरचा प्रश्न खरा आहे. कागल तालुक्यातील बिद्री म्हटले की दूधगंगा-वेदगंगा साखर कारखाना, उसाचे ट्रॅक्टर आणि कोल्हापूर-गारगोटी रस्ता डोळ्यांसमोर येतो. अशा गावात एखाद्याची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली, तर आठवड्यातून तीनदा कोल्हापूर गाठायचे, दर वेळी चार तास यंत्राला जोडून घ्यायचे आणि थकलेल्या अंगाने परतायचे. सोबत मुलगा गेला की त्याचा रोजगार बुडतो. पावसाळ्यात तर रस्त्याचाच भरवसा नसतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कोल्हापूरचे रस्ते दिवसच्या दिवस पाण्याखाली होते. पूर ओसरेपर्यंत रक्तातली विषद्रव्ये मात्र थांबून राहत नाहीत.

अशा वेळी डॉक्टर दुसरा मार्ग सुचवतात, तो घरच्या घरी करायच्या पोटाच्या डायलिसिसचा. हा शब्द ऐकून घर आधी घाबरते. पोटात नळी, घरात औषधाची खोकी आणि सगळी जबाबदारी घरच्यांवर! पण तयारी नीट झाली, तर ही भीती बरीच ओसरते.

पोटातला पडदा

आपल्या पोटाच्या आतून पेरिटोनियम नावाचा एक पातळ पडदा असतो. त्यात बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे असते. पोटाच्या पोकळीत ग्लुकोजयुक्त निर्जंतुक द्रव सोडला, की रक्तातले युरिया, क्रिएटिनिन यांसारखे नको असलेले घटक आणि जादा पाणी या पडद्यातून झिरपून त्या द्रवात उतरते. चार ते सहा तासांनी तो द्रव बाहेर काढायचा आणि नवा भरायचा. दिवसातून साधारण चार वेळा हे करायचे. एका खेपेला अर्धा तास लागतो. मधल्या वेळात माणूस चालतो-फिरतो, दुकानात बसतो, नातवाला शाळेत सोडतो.

मराठी माणसाने घरच्या डायलिसिसची गोष्ट पहिल्यांदा बहुधा जयप्रकाश नारायण यांच्या निमित्ताने ऐकली. आणीबाणीत स्थानबद्ध असताना १९७५ मध्ये त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि मुंबईच्या जसलोक रुग्णालयात त्यांच्यावर उपचार झाले. पुढे पाटण्याच्या घरी यंत्रावर त्यांचे डायलिसिस होत असे. १९७९ मध्ये त्यांचे निधन झाले. ते डायलिसिस रक्ताचे होते. त्याला यंत्र लागते, वीज लागते आणि एका वेळेला सव्वाशे लिटरच्या आसपास शुद्ध केलेले पाणी लागते. सामान्य घराच्या आवाक्यातली ती गोष्ट नव्हती.

योगायोग असा, की याच सुमारास दुसरी वाट तयार होत होती. हेन्री टेंकहॉफ यांनी १९६८ मध्ये पोटात कायम राहू शकेल अशी मऊ सिलिकॉनची नळी पुढे आणली होती. १९७६ मध्ये अमेरिकेतील टेक्सासमध्ये पोपोविच आणि मॉन्क्रिफ यांनी यंत्राशिवाय, दिवसभर चालणाऱ्या पोटाच्या डायलिसिसची कल्पना मांडली. टोरांटोच्या डॉ. ओरिओपोलोस यांनी काचेच्या बाटल्यांऐवजी प्लास्टिकच्या पिशव्या वापरल्या आणि ही पद्धत खऱ्या अर्थाने घरात आली. भारतात ती १९९१ च्या सुमारास सुरू झाली. हाताने करायच्या या पद्धतीला वीज लागत नाही. भारनियमनाच्या गावात ही लहान गोष्ट नाही. हाँगकाँगने तर १९८५ पासून शक्य त्या रुग्णाला आधी हाच उपचार द्यायचे धोरण ठेवले.

नळी बसवण्याआधी

हा उपचार प्रत्येकाला चालत नाही. पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रिया होऊन आतडी एकमेकांना चिकटलेली असतील, तर अडचण येते. हर्निया असेल तर तो आधी दुरुस्त करून घ्यावा लागतो. नजर अधू असेल किंवा हात थरथरत असतील, तर घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी हे काम शिकावे लागते. म्हणून मूत्रपिंडतज्ज्ञांसमोर जाताना जुनी सगळी कागदपत्रे आणि घरातली एक जबाबदार व्यक्ती सोबत हवी. कावीळ ‘ब’ची लस याच काळात घेऊन ठेवतात. पुढे कधी रक्ताच्या डायलिसिसची वेळ आली तर शिरा शाबूत असाव्यात, म्हणून ज्या हाताने आपण काम करत नाही त्या हातातून रक्त काढू देऊ नये, असेही डॉक्टर सांगतात.

नळी बसवण्याची शस्त्रक्रिया छोटी असते. पण नळी पोटावर नेमकी कुठून बाहेर येणार, याची खूण आधी करून घ्यायला हवी. रुग्णाला उभे करून आणि बसवून पाहायचे, की पायजम्याची नाडी, पँटचा पट्टा किंवा साडीच्या निऱ्या कुठे येतात. नळीचे तोंड त्या रेषेवर आले, तर ते रोज घासते आणि जखम होते. रुग्णाने हे विचारायला संकोच करू नये. पोट साफ असणेही महत्त्वाचे, कारण बद्धकोष्ठ असले की नळी जागेवरून सरकू शकते आणि द्रव नीट बाहेर येत नाही.

नळी बसल्यावर शक्य असेल तर दोन आठवडे थांबतात. या काळात जखम भिजू द्यायची नाही, वजन उचलायचे नाही, जोर काढायचा नाही. नमाज पढणाऱ्यांनी वाकण्याबद्दल डॉक्टरांना विचारावे. तोवर खुर्चीवर बसून नमाज पढता येते. वजूत धुवायच्या अवयवांत पोट येत नाही, त्यामुळे तिथे अडचण नाही. जखम भरल्यानंतरही नदीत, विहिरीत डुंबणे मात्र बंद.

खोलीची तयारी

दोन आठवड्यांच्या या थांब्यात घर तयार करायचे. स्वतंत्र खोली नसली तरी चालते, एक स्वच्छ कोपरा पुरतो. जमीन पुसता येण्यासारखी हवी. शेणाने सारवलेली असेल, तर तेवढ्या भागात फरशी करून घ्यावी. एक टेबल, भरपूर उजेड, पिशवी टांगायला खांद्याच्या वर मजबूत खिळा, जवळ वाहते पाणी आणि साबण. रिकामी पिशवी खाली जमिनीवर ठेवायची, म्हणजे पोटातला द्रव आपोआप उतरतो.

खेडेगावातल्या घराची स्वतःची काही पथ्ये असतात. गोठा लागून असेल तर मधले दार बंद राहायला हवे. गळीत हंगामात उसाच्या गाड्या सुरू झाल्या की रस्त्यावरची धूळ घरात येते, म्हणून खिडकीला पडदा नको, झडप हवी. नळी जोडण्याच्या वेळी पंखा बंद आणि मांजर, कोंबड्या बाहेर. शेजारच्या वहिनी विचारायला आल्या, तरी त्यांनी दहा मिनिटे अंगणात थांबायचे. “चाचांची पिशवी चाललीय” एवढे वाक्य आळीला माहीत झाले, की कुणी दार वाजवत नाही.

दुसरा प्रश्न साठ्याचा. दिवसाला चार म्हणजे महिन्याला १२० पिशव्या, २४० लिटर द्रव. ही खोकी जमिनीला किंवा ओल्या भिंतीला टेकवून ठेवायची नाहीत. लाकडी फळ्यांवर, उन्हापासून दूर, मुदत आधी संपणारी पुढे. पावसाळ्याआधी किमान पंधरा दिवसांचा जादा साठा असावा आणि तो घरातल्या उंच जागी असावा. पूर आला तर धान्याच्या आधी ही खोकी हलवायची, हे घरात आधीच ठरलेले असावे.

शिकण्याचे दिवस

रुग्णालयातली प्रशिक्षित परिचारिका हे काम आठ-पंधरा दिवसांत शिकवते. शिकायला रुग्णासोबत घरातले दोघे जावेत, कारण एकटी सून शिकली आणि ती माहेरी गेली, की घर अडते. शिकायचे ते असे: पिशवीवरची मुदत आणि ग्लुकोजचे प्रमाण वाचणे, पिशवी दाबून गळती पाहणे, कोरड्या उष्णतेने ती अंगाइतकी कोमट करणे, मास्क बांधणे, हात धुणे, जोडणी करणे, जुना द्रव काढणे, नवा भरणे आणि नवे टोपण बसवणे. पिशवी गरम पाण्यात बुडवायची नाही, कारण जोडाच्या ठिकाणी राहिलेल्या थेंबातून जंतू आत जाऊ शकतात.

या साऱ्यात सगळ्यात मोठा धडा हात धुण्याचा. दिवसातून पाच वेळा वजू करणाऱ्या माणसाला वाटते, हे काय शिकायचे? पण वजूने भागत नाही. साबण लावून, नखांच्या कडा आणि बोटांच्या बेचक्यांसह हात धुवायचे आणि स्वच्छ कपड्याने पूर्ण कोरडे करायचे. त्यानंतर चष्मा सारखा केला, मोबाइल उचलला, तर पुन्हा पहिल्यापासून.

एक वही लागते. रोजचे वजन, रक्तदाब, किती द्रव भरला आणि किती बाहेर आला. पायावर सूज, अचानक वाढलेले वजन, चढलेला दम, हे सगळे आधी या वहीत दिसते. काढलेला द्रव संडासात ओतायचा, उघड्या गटारात नाही.

ताटात काय

यंत्रावरच्या रुग्णापेक्षा इथे खाण्याचे पथ्य बहुधा थोडे सैल असते, पण ते रक्ताच्या तपासणीवर ठरते. या उपचारात रोज साधारण ५ ते १० ग्रॅम प्रथिने द्रवाबरोबर निघून जातात. त्यामुळे अंडी, मासे, कोंबडी, डाळ यांचे प्रमाण आहारतज्ज्ञाकडून ठरवून घ्यावे. पिशवीतले ग्लुकोज थोडे रक्तात शिरते, म्हणून मधुमेह्याने साखर वारंवार तपासावी. तांबडा-पांढरा रस्सा मीठ म्हणूनही मोजायचा आणि पाणी म्हणूनही. इफ्तारच्या ताटातले खजूर पोटॅशियमने भरलेले असतात, तर ईदच्या शीरखुर्म्यातले दूध आणि सुकामेवा फॉस्फरस वाढवतात. चव घेण्यापुरते किती, हे ईदच्या आधीच डॉक्टरांना विचारलेले बरे.

न धरलेला रोजा

घरातले सगळे उपाशी असताना आपण दुपारी जेवायचे, हे या माणसाला सर्वांत जड जाते. काही जण घरच्यांना न सांगता रोजा धरतात, औषध चुकवतात, दुपारची पिशवी टाळतात. हे धोक्याचे आहे. कुराणाच्या दुसऱ्या अध्यायात, जिथे रोज्याचा आदेश आहे, तिथेच आजाऱ्याला सवलतही दिलेली आहे. ज्याला पुढेही रोजा धरणे शक्य नाही, त्याने फिदिया म्हणून गरजूला जेवू घालावे, ही वाट उलेमा दाखवतात. पोटात ग्लुकोजचा द्रव जात असल्याने रोजा राहत नाही, असे अनेक उलेमांचे मत आहे. ज्याला शंका असेल त्याने आधी डॉक्टरांना आणि मग आपल्या मौलानांना विचारावे. एकादशी करणाऱ्या शेजाऱ्यालाही डॉक्टर हेच सांगतील.

खर्च हा या घरापुढचा दुसरा डोंगर. देशात दर वर्षी सुमारे २.२ लाख नवे रुग्ण मूत्रपिंड निकामी होण्याच्या अखेरच्या टप्प्यावर येतात, असे केंद्र सरकारच्या डायलिसिस कार्यक्रमात म्हटले आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमात आधी यंत्रावरच्या डायलिसिसचा विचार होता. २०१९ मध्ये पोटाच्या डायलिसिससाठीही मार्गदर्शक सूचना निघाल्या. आपल्या जिल्ह्यात यातले काय मिळते, ते सीपीआरमध्ये आणि योजनेच्या आरोग्यमित्राकडे जाऊन विचारावे. रमजानमध्ये जकात निघते. ती गरजू रुग्णालाही देता येते, आणि सदका तर कोणत्याही धर्माच्या माणसाला देता येतो. तालमी आणि गणेश मंडळे एरवीही आजाऱ्यासाठी वर्गणी काढतातच. एकदम मोठी रक्कम देण्यापेक्षा एखाद्या घराच्या दरमहाच्या पिशव्यांचा काही भाग वर्षभर उचलला, तर त्या घराला जास्त आधार होतो.

हा उपचार कायमचा तोडगा नाही. काही वर्षांनी पडदा थकू शकतो. मग यंत्र किंवा प्रत्यारोपण, असे पर्याय राहतात. सर्वांत मोठा धोका जंतुसंसर्गाचा. बाहेर आलेला द्रव गढूळ दिसला, पोट दुखले किंवा ताप आला, तर सकाळ होण्याची वाट पाहायची नाही. ती पिशवी सोबत घेऊन लगेच रुग्णालय गाठायचे. गढूळपणा ओळखण्याची एक सोपी रीत परिचारिका शिकवतात. भरलेली पिशवी छापील कागदावर ठेवायची आणि खालची अक्षरे वाचून पाहायची.

सहरीनंतर त्या घरात हेच होते. सून कालचे वर्तमानपत्र टेबलावर पसरते, अब्बा त्यावर पिशवी ठेवतात आणि चष्मा लावून द्रवातून बातमीचा मथळा वाचतात. अक्षर स्वच्छ दिसते. सून वहीत वेळ आणि माप लिहिते. मग पंखा सुरू होतो, दार उघडते आणि तेवढ्यात फजरची अजान होते.