विरोधी बाकावरची बाई

मैत्रिणींनो, विरोधी पक्षातली बाई सभागृहात जाऊन करून करून काय करणार, असं कुणी म्हटलं की मी मृणाल गोरेंचं नाव घेते. मुंबईची ही ‘पाणीवाली बाई’! विधानसभेत विरोधी बाकावरून त्यांनी गर्भलिंगचिकित्सेविरुद्ध अशासकीय विधेयक मांडलं. अशी विधेयकं सहसा मंजूर होत नाहीत, पण सरकारला उत्तर द्यावंच लागतं. बाहेर स्त्री-संघटनांचा रेटा होताच. अखेर १९८८ मध्ये सरकारनेच कायदा केला, देशातला असा पहिला. केंद्राचा कायदा १९९४ चा. सोनोग्राफी केंद्रातली ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ ही पाटी त्यातूनच आली. म्हणून मतं मागायला कुणी दारात आलं, की विचारूया : बायकांच्या प्रश्नावर सभागृहात कितीदा बोललात?