गाळ उगमापाशीच अडविणे हिताचे

शाळेची इमारत असो, रस्ता असो वा घरकुलांची वसाहत असो, बांधकामाचा आरंभ जमीन उघडी करण्यापासून होतो. झाडोरा निघतो, पायासाठी खोदाई होते आणि सुट्या मातीचे ढीग उभे राहतात. अशा जमिनीवर मृगाच्या सरी कोसळल्या म्हणजे मातीचे कण सुटतात व पाण्याबरोबर गटारात, ओढ्यात आणि अखेर नदीत जातात. पात्र उथळ झाले की पुराचे पाणी काठ ओलांडते. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण शहर महापुरात सापडले. त्यानंतर वाशिष्ठी व शिव नद्यांतील गाळ काढण्याचे मोठे काम हाती घ्यावे लागले. नदीतील गाळाची कारणे अनेक असतात. तथापि बांधकामाचा गाळ हा त्यांपैकी आवरता येण्याजोगा भाग होय.

पाण्यात एकदा मिसळलेली माती वेगळी करणे कठीण असते. स्थिर पाण्यात जाड वाळू काही क्षणांत तळाशी बसते, परंतु ०.००२ मिलिमीटर व्यासाच्या चिकणमातीच्या कणाला अवघे १० सेंटिमीटर खाली जाण्यास सुमारे ८ तास लागतात. यास्तव माती मुळात सुटू न देणे, हाच पहिला उपाय ठरतो.

त्यासाठी खोदाई व भराव यांची मोठी कामे पावसाळ्यापूर्वी उरकावीत. लागेल तेवढीच जमीन मोकळी करावी. वरच्या अंगाने येणारे स्वच्छ पाणी चर काढून बाहेरून वळवावे. मातीचे ढीग नाल्यापासून दूर रचून ताडपत्रीने झाकावेत. तयार उतारांवर लागलीच गवत लावावे. वाहने बाहेर पडतात तेथे खडी पसरावी.

एवढे करूनही जो गाळ निघेल, त्यासाठी खालच्या अंगास, समपातळीत, खुंटांना ताणून बांधलेल्या दाट विणीच्या कापडाचा आडोसा उभारावा. त्याची खालची कड सुमारे १५ सेंटिमीटर जमिनीत गाडावी. अन्यथा पाणी खालून वाट काढते. वाहत्या ओढ्यात मात्र तो आडवा घालू नये. लोंढा तो उखडून टाकतो. साचलेला गाळ निम्म्या उंचीपर्यंत येण्यापूर्वीच काढावा.

केंद्र शासनाच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर वा अधिक बांधीव क्षेत्राच्या प्रकल्पांस पर्यावरणविषयक पूर्वमंजुरी घ्यावी लागते. गावातील बहुतेक बांधकामे या मर्यादेच्या आतच राहतात. त्यामुळे अंदाजपत्रकातच या उपायांची तरतूद करणे आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर जागेची पाहणी करणे, ही जबाबदारी ग्रामपंचायत व संबंधित अभियंत्यांवर येते. नदीतील गाळ उपसण्यास मोठी यंत्रे लागतात. तो जागीच अडविण्यास बव्हंशी फावडे, ताडपत्री आणि वेळेवरची दक्षता पुरेशी होते.