शॅननचा कायमचा पाहुणा

कसारा घाट चढण्याआधी ट्रकवाला खालच्या पंपावर टाकी भरून घेतो. अटलांटिक ओलांडणाऱ्या विमानांसाठी आयर्लंडच्या पश्चिम टोकाचा शॅनन विमानतळ कित्येक वर्षं तसा पंप होता. एका दमात महासागर पार करण्याइतकी ताकद विमानांत आली आणि पंपाचं गिऱ्हाईक आटलं. पण शॅननची माणसं हुशार. १९४७ साली जगातलं पहिलं ड्यूटी फ्री दुकान त्यांनीच थाटलं, १९५९ मध्ये शेजारी करमुक्त औद्योगिक क्षेत्र काढलं. अंधेरीचं सीप्झ त्याच कुळातलं, चौदा वर्षांनी धाकटं.

गिऱ्हाइकाची जात शॅननने कधी विचारली नाही. शीतयुद्ध ऐन भरात असताना सोव्हिएत एरोफ्लोट इथे स्वतःचा तेलसाठा ठेवून विमानं भरत असे. आज तिथे अमेरिकी लष्कराचा संपर्क अधिकारी बसतो.

आयर्लंड कुठल्याही लष्करी गटात नाही आणि या तटस्थपणाचा आयरिश माणसाला अभिमान आहे. तरी २००१ पासून अफगाणिस्तान आणि इराककडे जाणारे, तिकडून परतणारे लाखो अमेरिकी सैनिक इथून गेले. एकट्या २००५ मध्ये तीन लाखांवर. बहुतेक जण भाड्याने घेतलेल्या खासगी प्रवासी विमानांतून येतात. तेल भरेपर्यंत ते टर्मिनलमध्ये उतरतात. वाळूच्या रंगाचे बूट, ठिपक्यांचा गणवेश, बंदूक मात्र विमानातच. शेजारी सुट्टीवर निघालेलं कुटुंब सँडविच खात असतं आणि हे विशी-बाविशीचे पोरगे घरच्यांसाठी चॉकलेटं निवडत असतात.

अशा वाहतुकीत संपर्क अधिकाऱ्याचं काम हिशेबनिसाच्या जातीचं. विमान कधी उतरणार, किती माणसं, किती इंधन, बिघाड झालाच तर दोनशे जणांना रात्री कुठे झोपवायचं, विमानतळावर कुणाला फोन करायचा. लग्नघरी वरपक्षाचा एक काका आदल्या दिवशीच येऊन बसतो ना, तसा. वरात कधी येणार ते त्यालाच ठाऊक आणि यजमानही आधी त्यालाच विचारतात.

मला या अधिकाऱ्याचं टेबल लष्करी तळापेक्षा जास्त बोलकं वाटतं. तळ म्हटला की कुंपण येतं, झेंडा येतो, करार येतो, त्यावर संसदेत भांडता येतं. टेबलाला यातलं काहीच लागत नाही.

बाकी सगळा डोलारा कागदावर. परदेशी लष्करी विमान उतरायचं तर १९५२ च्या आदेशाखाली परराष्ट्र खात्याची परवानगी हवी. अट अशी, की विमान निःशस्त्र असावं, त्यात दारूगोळा नसावा आणि ते कुठल्या लष्करी मोहिमेचा भाग नसावं. खासगी विमानात सैनिकांच्या बंदुका असतील तर १९७३ चा आदेश लागतो आणि परवानगी देणारं खातं वाहतुकीचं. तेव्हा तेच सैनिक, तेच युद्ध, पण विमानाच्या शेपटावर कुणाचं नाव रंगवलंय त्यावर फाइल कुठल्या खात्यात जाणार ते ठरतं. इतकंच काय, १९५४ च्या संरक्षण कायद्यानुसार परक्या सैन्याचा गणवेश घालून या देशात पाऊल टाकायलाही मंत्र्याची परवानगी लागते. म्हणजे चॉकलेटं निवडणाऱ्या त्या पोराच्या शर्टामागेसुद्धा एक सरकारी होकार असतो.

हे सगळ्यांनीच निमूट मानलं असं नाही. आयरिश सैन्यातले निवृत्त अधिकारी एडवर्ड हॉर्गन २००३ मध्ये उच्च न्यायालयात गेले. तटस्थ देशाने लढणाऱ्याचं सैन्य आपल्या भूमीवरून जाऊ देऊ नये हा आंतरराष्ट्रीय संकेत न्यायालयाने ओळखला, पण त्याच्या जोरावर सरकारचा हात धरायला नकार दिला. त्याच वर्षी फेब्रुवारीत पाच युद्धविरोधकांनी शॅननवर अमेरिकी नौदलाच्या विमानाची हातोड्यांनी मोडतोड केली. २००६ मध्ये ज्यूरीने पाचही जणांना निर्दोष सोडलं.

अटी पाळल्या जातात की नाही हे बघायचं कुणी? सरकारची भिस्त अमेरिकेने दिलेल्या शब्दावर. जुलै २०१४ मध्ये क्लेअर डेली आणि मिक वॉलेस हे दोन खासदार स्वतःच झडती घ्यायला म्हणून धावपट्टीच्या बाजूचं कुंपण चढून आत गेले. विमानापर्यंत त्यांचा हात पोचला नाही. पुढच्या वर्षी न्यायालयाने दोघांना प्रत्येकी दोन हजार युरो दंड ठोठावला. गुन्हा असा, की विमानतळाच्या त्या भागात जायची त्यांना परवानगी नव्हती.