यकृताचा रिपोर्ट आणि रक्तवाहिन्यांची सूज

घरात कोणाचा ताप लांबला की रक्त तपासले जाते. रिपोर्टमध्ये एसजीपीटी थोडे वाढलेले दिसले की आपण लगेच म्हणतो, "कावीळ असेल." मग पथ्य सुरू होते, कोणी झाडपाल्याचे औषध सुचवतो. बहुतेक वेळा कारण यकृतातच असते, हे खरे. पण क्वचित दुखणे रक्तवाहिन्यांचे असते आणि त्याची खूण यकृताच्या रिपोर्टमध्ये उमटते. पालकांना याची माहिती असावी, म्हणून हे टिपण आम्ही देत आहोत.

रक्तवाहिन्यांच्या भिंतींना सूज येण्याच्या विकारास व्हॅस्क्युलायटिस म्हणतात. भिंत सुजली की वाहिनी अरुंद होते आणि पुढच्या अवयवाला रक्त कमी पडते. तपासणीत बहुधा ईएसआर व सीआरपी वाढलेले असतात. पन्नाशीनंतर होणाऱ्या जायंट सेल आर्टेरायटिसमध्ये कानशिलाजवळची धमनी सुजते, डोके दुखते. उपचारास उशीर झाला तर दृष्टीही जाऊ शकते. यातील बऱ्याच रुग्णांत अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेले आढळते, पण कावीळ सहसा नसते. स्टिरॉइड सुरू केल्यावर हा आकडा खाली येतो.

याच्या उलटही घडते. हिपॅटायटिस बी हा यकृताचा विषाणू काही थोड्या लोकांत मध्यम आकाराच्या धमन्यांना सूज आणतो. या विकाराचे नाव पॉलीआर्टेरायटिस नोडोसा. विषाणूचे कण आणि त्यांच्याविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिद्रव्ये एकत्र होऊन धमनीच्या भिंतीत साचतात. हा संबंध १९७० साली लक्षात आला. ताप, घटणारे वजन, पायाला बधिरपणा, जेवणानंतर पोटदुखी, नव्याने वाढलेला रक्तदाब ही त्याची लक्षणे. यकृताचा रिपोर्ट मात्र किंचितच बिघडलेला असू शकतो. अशा वेळी एचबीएसएजी ही साधी रक्ततपासणी फार महत्त्वाची ठरते, कारण विषाणूवरचे औषध न देता नुसते स्टिरॉइड चालू ठेवले तर विषाणू बळावतो.

समाधानाची गोष्ट अशी की हा प्रकार टाळता येतो. फ्रान्समध्ये पूर्वी पॉलीआर्टेरायटिसच्या एक तृतीयांशाहून अधिक रुग्णांत हिपॅटायटिस बी आढळे. लस आणि रक्तपेढ्यांतील तपासणी आल्यावर ते प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली गेले. या लसीत आपल्या गावाचाही वाटा आहे. ती पूर्वी परदेशातून येई आणि महाग पडे. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ साली भारतात तयार झालेली अशी पहिली रिकॉम्बिनंट लस बाजारात आणली, आणि ती सामान्यांच्या आवाक्यात आली. आता बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत पहिला डोस देतात.

पालकांना आमचे सांगणे एवढेच. मुलांचे लसीकरण कार्ड एकदा काढून पाहा. आपण स्वतः लस घेतली नसेल तर डॉक्टरांना विचारा. मोठ्यांना सहा महिन्यांत तीन डोस घ्यावे लागतात. आणि ताप, अंगदुखी, बधिरपणा रेंगाळत असेल तर "कावीळच आहे" असे घरच्या घरी ठरवू नका. पंजागुट्टा येथील निम्समध्ये अशा विकारांसाठी ऱ्हुमॅटॉलॉजीचा स्वतंत्र विभाग आहे. जाताना जुने सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या. एका आकड्यावरून जे कळत नाही, ते चार रिपोर्ट शेजारी ठेवल्यावर डॉक्टरांच्या लक्षात येते.