तुरीचा भाव कोण ठरवतं?

बाजारामागची माणसं : भाग 6

जानेवारी उजाडला की मुडबीच्या शिवारात तुरीची रास सुरू होते. मळणीयंत्राच्या धुरळ्यात दिवसभर उभं राहून पोती भरायची, तोंडं शिवायची आणि रात्रीच ठरवायचं, माल बसवकल्याणला न्यायचा की सरळ कलबुर्गी गाठायची. गाव बिदर जिल्ह्यातलं, पण कलबुर्गीची हद्द जवळ. कलबुर्गीच्या तुरीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. डाळमिलही तिथेच, म्हणून ओढा तिकडे.

तूर किती पिकली आणि गिऱ्हाईक किती, यावर भाव ठरतो, असं शाळेत शिकवतात. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. मागच्या भागात वऱ्हाडातल्या कारंज्याचा कापूस बाजार पाहिला. तिथे 1886 मध्ये सरकारी नियमांखाली व्यवहार सुरू झाला. मुडबीच्या पोत्याच्या भावातही असेच कित्येक निर्णय मुरलेले आहेत, आणि त्यातले काही फार जुने आहेत.

कल्याण (आजचं बसवकल्याण) ही चालुक्यांची राजधानी होती, त्या काळच्या शिलालेखांत बाजाराचा कारभार स्पष्ट दिसतो. ‘हेर्जुंक’ आणि ‘वड्डरावुळ’ ही जकातीची नावं, ती वसूल करणारे अधिकारी आणि ‘अय्यावोळे पाचशे’ या व्यापारी संघाने देवळांना दिलेली दानं, सगळं दगडावर कोरलेलं आहे. व्यापारी, राजा आणि देऊळ या तिघांच्या देवघेवीतून त्या काळचा बाजार उभा राहिला होता.

निजामाच्या राज्यात हा मुलूख वेगळ्याच कुंपणात होता. कल्याणी (तेच कल्याण) ही नवाबाची जहागीर होती. राज्याच्या हद्दीवर करोडगिरीचे नाके होते आणि तिथे मालावर जकात पडे. रुपयाही निराळा, हाली. शंभर कलदार, म्हणजे ब्रिटिश, रुपयांना 116 रुपये 10 आणे 8 पै हाली रुपये मोजावे लागत. म्हणजे हद्दीपलीकडच्या सोलापूरचा भाव ऐकून कुणी हिशेब मांडला, तरी आधी जकात वजा करावी लागे आणि मग वटाव हिशेबात धरावा लागे. दुसरीकडे, गावातला बराचसा माल बाजारात येतच नसे. सुतार, लोहार, न्हावी यांचं वर्षाचं बलुतं खळ्यावरच मोजून दिलं जाई. ते किती आणि कुणाला, हे जात आणि रिवाज ठरवत. तिथे लिलाव नव्हता.

सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं. 1949 मध्ये जहागिऱ्या गेल्या, पुढच्या दशकात हाली रुपयाही गेला. 1 नोव्हेंबर 1956 ला भाषावार रचनेत बिदर जिल्ह्याचेच तीन वाटे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, जहिराबाद आणि नारायणखेड आंध्रात, उरलेला भाग म्हैसूरला. सोयरीक राहिली, पण बाजाराचा कायदा बदलला. उदगीर-लातूरच्या आडतीला महाराष्ट्राचा 1963 चा कायदा, बसवकल्याण-कलबुर्गीला कर्नाटकचा 1966 चा. रुमालाखाली बोटं दाबून सौदा करण्याऐवजी उघड लिलाव आणि सरकारमान्य काटा, ही या कायद्यांची खरी कमाई.

मग दिल्लीचे निर्णय. ऑक्टोबर 2015 मध्ये तूरडाळ किरकोळीत किलोला 200 रुपयांच्या घरात गेली. सरकारने आयात वाढवायचं ठरवलं आणि जुलै 2016 मध्ये मोझांबिकशी करार केला. इकडे चढा भाव पाहून शेतकऱ्यांनी तूर वाढवली. देशाचं उत्पादन 2015-16 मधल्या साधारण 25.6 लाख टनांवरून पुढच्याच वर्षी 48.7 लाख टनांवर गेलं. हमीभाव बोनससह क्विंटलला 5050 रुपये होता, बाजार त्याच्या खाली कोसळला. ऑगस्ट 2017 मध्ये आयातीवर मर्यादा आली, तोवर बहुतेकांनी तूर विकून टाकली होती. शहरातल्या ताटातली डाळ महाग होऊ नये ही चिंता रास्तच, पण तिचा भार त्या वर्षी शेतकऱ्याने उचलला.

हमीभाव सगळ्यांच्या हाती लागतो, असंही नाही. खरेदी केंद्रावर नोंदणी लागते आणि नोंदणीला पहाणी, म्हणजे जमिनीचा उतारा. कर्नाटकात देवराज अरसांच्या सरकारने 1974 मध्ये जमीन सुधारणा कायदा कडक केला. कसेल त्याला जमीन मिळावी, हा त्यामागचा मोठा हेतू होता आणि हजारो कुळं त्यातून मालक झाली. त्याचबरोबर पुढे जमीन कुळाने लावायलाच बंदी आली. बटई मात्र थांबली नाही, ती तोंडी झाली. आज बटईने रान करणाऱ्याचं नाव पहाणीवर येत नाही. त्यामुळे एकाच रानातली, एकाच दिवशी भरलेली दोन पोती दोन भावांनी जाऊ शकतात. मालकाच्या वाट्याचं पोतं हमीभावाने, बटईदाराचं आडतीत मिळेल त्या दराने.

आणि बटईदार आडतीतच जातो, कारण जूनमध्ये बी-खताला उचल तिथूनच मिळालेली असते. बँक उतारा मागते, आडत्या ओळख मागतो. पेढीवर बसल्यावर आडत्या लोखंडी नळी पोत्यात खुपसतो, निघालेले दाणे तळहातावर पसरतो, एखादा दाताखाली धरून ओल पाहतो. लिलावानंतर पट्टी तयार होते. क्विंटल, दर, त्यातून हमाली वजा, तोलाई वजा. शेवटच्या ओळीत जूनची उचल व्याजासकट वळती होते. ‘सावकार, थोडी उचल पुढच्या रासेला धरा की,’ अशी विनंती होते, कधी मान्य होते, कधी नाही. उरलेले रुपये मोजून बटईदार उठतो, तेव्हा पुढच्या पेरणीची बोलणीही तिथेच झालेली असतात.

(पुढच्या भागात : कलबुर्गीच्या डाळमिल आणि बंदरावरची परदेशी तूर)