मुलगा शांतिसेनेत परदेशी गेलाय, घरच्यांनी वर्ष कसं काढायचं?

फौजेत गेलेला मुलगा कधी तरी काश्मीरला किंवा सियाचीनला जाणार, हे आईवडिलांनी मनात धरलेलं असतं. पण एक दिवस त्याचा फोन येतो, "अब्बा, यूएन मिशनसाठी माझं नाव आलंय", आणि घरात सगळे मोबाईलवर नकाशा शोधायला लागतात. मोहल्ल्यात मुबारकबाद मिळते, भत्ता चांगला मिळतो म्हणून कौतुकही होतं. अम्मी मात्र रात्री जागी असते.

संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत भारत १९५० च्या दशकापासून आहे. आतापर्यंत ५० हून अधिक मोहिमांत मिळून २ लाख ९० हजारांपेक्षा जास्त भारतीयांनी काम केलं आहे. दक्षिण लेबनॉन, दक्षिण सुदान, काँगो आणि गोलान टेकड्या ही अलीकडच्या वर्षांतली नेहमीची नावं. निळं हेल्मेट घातलेला हा जवान कोणत्याही एका बाजूने लढायला गेलेला नसतो. गस्त घालणं, युद्धबंदीवर नजर ठेवणं, सामान्य लोकांचं रक्षण करणं, दवाखाने चालवणं ही त्याची कामं. तरीही सुमारे १८० भारतीय शांतिसैनिकांचे जीव या कामात गेले आहेत, आणि हा आकडा कोणत्याही देशापेक्षा मोठा आहे. म्हणून "काही होत नाही हो, उगाच फिक्र करता" असं आईवडिलांना म्हणणं बरोबर नाही. फिक्र खरीच आहे. पण त्यातली बरीचशी फिक्र माहिती नसल्यामुळे वाढते, आणि तेवढी तरी कमी करणं आपल्या हातात आहे.

टीव्हीवरचा देश आणि मुलाची चौकी

१० ऑक्टोबर २०२४ चं उदाहरण घ्या. दक्षिण लेबनॉनमध्ये नकुरा इथल्या शांतिसेनेच्या मुख्यालयातील टेहळणी मनोऱ्यावर इस्रायली रणगाड्याने मारा केला आणि दोन शांतिसैनिक जखमी झाले. इकडे टीव्हीवर मोठ्या अक्षरांत "शांतिसेनेवर हल्ला". लेबनॉनमध्ये मुलगा असलेल्या कोणत्याही घराच्या काळजात धस्स होईल अशीच ती बातमी. पण जखमी झालेले दोघे इंडोनेशियाचे होते. नकुरा पश्चिमेला समुद्रकाठी आहे, आणि भारतीय पलटण होती पूर्वेकडच्या डोंगराळ भागात. ज्याला एवढं माहीत होतं, त्याचा जीव निदान थोडा तरी खाली बसला असेल.

म्हणून मुलगा निघण्याआधी त्याला विचारून घ्या: देश कोणता, देशाचा कोणता भाग, काम साधारण काय. चौकीचा नेमका पत्ता नको, तो त्याला सांगताही येणार नाही. तेवढी दिशा कळली तरी बातमी वाचताना "हे आपल्या मुलाजवळचं आहे का?" हे ठरवता येतं. आणि दिवसभर चॅनल लावून बसू नका. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा बातम्या पाहा, पुरे.

फोन आला नाही तर?

लेबनॉनचं घड्याळ आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेतीन तास आणि उन्हाळ्यात अडीच तास मागे असतं. दक्षिण सुदान साडेतीन तास मागे. आपण इशाची नमाज पढून फोनची वाट बघत बसतो, तेव्हा तिकडे संध्याकाळ असते आणि तो ड्युटीवर असू शकतो. लांबची गस्त, नेटवर्क नसणं, सुरक्षेसाठी फोन बंद ठेवण्याचा हुकूम, गोळीबार झाल्यास बंकरमध्ये थांबणं, अशी कितीतरी कारणं असतात.

बरीच घरं "रोज रात्री नऊला फोन कर" असं वचन घेतात. मग एक दिवस फोन चुकला की घरात रडारड. त्यापेक्षा "जमेल तेव्हा कर, नाही जमलं तर एका शब्दाचा मेसेज टाक" असं ठरवा. "खैरियत" एवढंच आलं तरी पुष्कळ.

खबर कोणाला मिळते?

हे घरात आधीच बोलून ठेवायला हवं. फौजेच्या कागदांवर जवळचा वारस म्हणून जे नाव असतं, अधिकृत निरोप आधी त्याच्याकडे जातो. लग्नाआधी तिथे आई किंवा वडील असतात, लग्नानंतर साधारणपणे पत्नी. सून माहेरी आणि सासूसासरे गावी असतील तर पहिली खबर सुनेला मिळेल. त्यात मान-अपमान नाही, तो नियम आहे. पण सून आणि सासरे यांचं रोजचं बोलणं चालू असेल तरच पुढचं सगळं सोपं जातं. युनिटचा आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा नंबर दोन्हीकडे लिहून ठेवा.

जखमी किंवा शहीद जवानाचं नाव घरच्यांना कळवल्याशिवाय जाहीर करायचं नाही, अशी पद्धत आहे. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या यादीवर विश्वास ठेवू नका. "तुमचा मुलगा जखमी आहे, लगेच पैसे पाठवा" असा फोन आला तर एक रुपयाही पाठवू नका, आधी युनिटला फोन लावा. आणि आपणही त्याचा वर्दीतला फोटो, ठिकाण, परतीची तारीख स्टेटसला टाकायची नाही.

धाकट्यांकडे लक्ष द्या

शिक्षक म्हणून एक गोष्ट सांगतो. मोठा भाऊ परदेशी तैनातीवर असलेलं मूल वर्गात गप्प होतं, वहीत त्याचं लक्ष नसतं. घरी अम्मी रडू नये म्हणून ते काही विचारतच नाही. अशा वेळी वर्गशिक्षकांना जाऊन सांगा. त्यात लाज कसली? मुलालाही नकाशा दाखवा, भाईजानचं काम समजावून सांगा. न सांगितलेली गोष्ट मुलं स्वतःच्या मनाने रंगवतात, आणि ती खऱ्यापेक्षा भयानक असते.

मोठ्यांचंही तेच. अब्बा बोलत नाहीत म्हणजे त्यांना फिक्र नाही असं नव्हे. झोप उडाली, जेवण सुटलं, बीपीच्या गोळ्या विसरायला लागल्या आणि असं दोन आठवडे चाललं, तर डॉक्टरांकडे जा. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. जवान आणि त्यांच्या कुटुंबांसाठी या सेवेचा खास कक्ष १ डिसेंबर २०२३ ला पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला आहे. मदत मागितली म्हणजे सब्र कमी पडला असं नाही.

परत आल्यावर

तैनाती बहुधा वर्षभराची असते. तो घरी आला की पहिल्याच दिवशी सगळी बिरादरी जेवायला बोलावू नका. काही दिवस तो झोपेल, गप्प राहील, फटाक्याच्या आवाजाने दचकेल. "तिकडे काय काय पाहिलंस?" असं खोदून विचारू नका. आवडीचं जेवण करा, जवळ बसा. बोलावंसं वाटलं की तो आपणहून बोलेल, आणि तेव्हा ऐकायला घरात कोणीतरी मोकळं असलं पाहिजे.